चव्हाट्यावरचा सैतान कुणाचा?
ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या चव्हाट्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटारची विद्या मिळवली, ही कथा लोक अजून रंगवून सांगतात. पुरावा म्हणून त्याचं १९३६ चं ‘क्रॉस रोड ब्लूज’ हे गाणं पुढे करतात. पण ते नीट ऐका. सैतान औषधालाही नाही! माणूस गुडघे टेकून देवाची करुणा भाकतो, गाड्यांना हात करतो, कुणी थांबत नाही, आणि दिवस कलत चाललाय. त्या काळच्या अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयाला अंधारात एकटं सापडण्याची एवढी भीती पुरे होती. सैतान रॉबर्टच्या इतर गाण्यांत भेटतो, सौदा मात्र नाही. ती कथा मुळात टॉमी जॉन्सन या दुसऱ्या ब्लूज गायकाची, नुसता आडनावबंधू. रॉबर्टची बोटं तयार झाली आइक झिमरमन या गिटारवादकाकडे. शिकवणी रात्री कबरस्तानात चालायची, कारण तिथे कुणाची झोपमोड होत नसे.