अंडं उकडलं की प्रोटीन जळतं?

"अंडं उकडलं की प्रोटीन जळून जातं, कच्चंच प्या" हा फॉरवर्ड अजून फिरतोय. पटतोही, कारण पांढरा भाग डोळ्यांदेखत बदलतो. पण प्रोटीन म्हणजे अमिनो अ‍ॅसिडची लांब साखळी, घड्या घालून गुंडाळलेली, उकळत्या पाण्यात त्या घड्या उलगडतात आणि साखळ्या एकमेकींत अडकतात म्हणून अंडं घट्ट होतं, साखळी मात्र तुटत नाही. ती तोडायचं काम पोटातल्या एन्झाइम्सचं (अन्न पचवणारे पदार्थ), आणि उलगडलेली साखळी त्यांना सोपी जाते. एका अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रोटीन पचलं, कच्च्यातलं जेमतेम ५१! चेक करायचंय? वाटीत कच्चा पांढरा भाग घ्या, व्हिनेगर ओता, थोडा वेळ ठेवा, गॅस न पेटवताच पांढरट होतो, म्हणजे काही जळलं नाही, व्हिनेगरमधल्या अ‍ॅसिडने घड्या उलगडल्या. पोटातलं अ‍ॅसिडही तेच करतं. कच्च्यात साल्मोनेला या आजार पसरवणाऱ्या जंतूची भीती आहे ती वेगळीच.