छावणी-चर्च, मराठवाड्यातील

हैदराबाद संस्थानाच्या मराठी मुलखात लष्करी छावण्यांच्या आश्रयाने उभी राहिलेली ख्रिस्ती प्रार्थनामंदिरे. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि जालना ही मुख्य ठाणी. हिंगोली व मोमिनाबाद (अंबाजोगाई) येथेही हैदराबाद कंटिंजंटच्या (निजामाच्या खर्चाने, ब्रिटिश अधिकाऱ्यांखाली ठेवलेल्या फौजेच्या) पलटणी असत.

या वास्तूंच्या काळाविषयी मतभेद होतात ते बहुधा कोणती तारीख प्रमाण मानावी यावरून. पाद्री आला की उपासना सुरू होई. तिला बराकीतली खोलीही पुरे. पायाभरणी, पहिली उपासना आणि बिशपांच्या हस्ते पवित्रीकरण (इमारत विधिपूर्वक उपासनेला अर्पण करणे) यांत वर्षे लोटू शकत. मद्रासला बिशपपद १८३५ मध्ये, तर मुंबईला १८३७ मध्ये निर्माण झाले. त्याआधी सारा भार कलकत्त्याच्या बिशपांवर होता. जालन्यात मद्रासी फौज असल्याने तेथील बाप्तिस्मा, विवाह व दफनांच्या नोंदी मद्रासच्या दप्तरात सापडतात. मात्र अशी नोंद मंडळीचे (उपासकसमूहाचे) वय सांगते, इमारतीचे नव्हे. जुन्या दफननोंदीच्या आधारे चर्चचा काळ मागे नेणे त्यामुळे सयुक्तिक वाटत नाही.

बांधकामाचा पुरावा अधिक भरवशाचा, पण तोही बेताने वापरावा लागतो. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या युरोपीय मिशनरी संस्थेशी संबंधित प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये काढला आणि औरंगाबादला मनमाडहून मीटरगेज लोहमार्ग १९०० मध्ये आला. जड कौले इतक्या दूर आणणे रेल्वेनेच सोयीचे; तेव्हा इथल्या चर्चांवरची अशी कौले विसाव्या शतकातली असण्याचा संभव अधिक. अर्थात त्यांवरून छपराचा काळ कळतो. भिंती त्याहून जुन्या असू शकतात.

छावणीबाहेरचे मिशनकार्य वेगळे. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी वसवली. औरंगाबादेत मिशनरी रतनजी नौरोजी यांनी काम केले.

जतनाचा खरा प्रश्न दरजांचा, म्हणजे दगडांमधील सांध्यांचा आहे. काळा पाषाण ओल फारशी शोषत नाही. भिंतीतली वाफ बाहेर पडते ती मुख्यतः चुन्याच्या सांध्यांतून. डागडुजीत तेच सांधे सिमेंटने बुजवले की ओल आत कोंडते, गिलाव्याला पोपडे येतात आणि क्षार फुटतात. शिवाय खरवडून काढलेल्या मूळ चुन्याबरोबर काळनिश्चितीचा पुरावाही जातो. म्हणून दुरुस्तीपूर्वी चुन्याचे नमुने काढून ठेवावेत आणि दरजा पुन्हा चुन्यानेच भराव्यात.