कनिष्ठ हॉकी संघाकडून यंदा अपेक्षा का वाढल्या होत्या

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस चेन्नई आणि मदुराई येथे कनिष्ठ (२१ वर्षांखालील) पुरुषांचा हॉकी विश्वचषक सुरू झाला, तेव्हा भारताचा तरुण संघ या वेळी पदक मिळवेल, अशी अपेक्षा जाणकार व्यक्त करीत होते. केवळ घरचे मैदान मिळाले म्हणून नव्हे, तर आधीच्या दोन पराभवांतून हा संघ काय शिकला, याकडे पाहून ही अपेक्षा बांधली गेली होती.

२०१६ मध्ये लखनौला बेल्जियमला २-१ असे हरवून भारताने हा चषक जिंकला होता. त्या संघातील हरमनप्रीत सिंग पुढे वरिष्ठ संघाचा कर्णधार झाला. त्यानंतर मात्र २०२१ मध्ये भुवनेश्वरला आणि २०२३ मध्ये क्वालालंपूरला भारत चौथाच राहिला. क्वालालंपूरच्या उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध बारा पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल गोलरेषेवरून चेंडू आत ढकलून मिळणारी गोलची संधी) मिळूनही एकाचाही गोल झाला नाही आणि सामना ४-१ असा गेला. माझ्या मते खरा धडा तोच होता.

नागपुरात मुरमाच्या मैदानावर पहाटे सराव करणारी मुले पाहिली, की हा दोष समजतो. रेषेवरून ढकललेला चेंडू तेथे वाटेत उसळतो, तो स्टिकने थांबवण्यातच वेळ जातो आणि तेवढ्यात बचावपटू अंगावर येतात. पाण्याने भिजवलेल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, चेंडू सरळ येतो खरा, परंतु ढकलणारा, थांबवणारा आणि फ्लिक मारणारा, म्हणजे स्टिकने चेंडू गोलकडे भिरकावणारा, या तिघांचा मेळ शेकडो वेळा घोटल्याशिवाय बसत नाही.

पॅरिस ऑलिंपिकनंतर निवृत्त झालेला गोलरक्षक पी. आर. श्रीजेश २०२४ मध्ये या संघाचा प्रशिक्षक झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मस्कतला अंतिम सामन्यात पाकिस्तानला ५-३ ने नमवून संघाने कनिष्ठ आशिया चषक राखला. त्यातील चार गोल अरायजीत सिंग हुंदलचे होते. पाठोपाठ, काही वर्षे बंद असलेली हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली आणि प्रत्येक संघात कनिष्ठ खेळाडू घेणे बंधनकारक झाल्याने या मुलांना परदेशी नामवंतांसोबत सराव करण्याची आणि खेळण्याची संधी मिळाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मलेशियातील कनिष्ठ संघांच्या जोहोर चषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून २-१ असा निसटता पराभव झाला, तरी आदल्या वर्षीच्या कांस्यपदकावरून संघ रौप्यपदकापर्यंत पोहोचला होता.

अनुभवही होता. २०२१ च्या उपांत्यपूर्व सामन्यात बेल्जियमविरुद्ध एकमेव गोल करणारा शारदानंद तिवारी या संघातही होता.

विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने पुन्हा, या वेळी ५-१ असे हरवले. कांस्यपदकाच्या लढतीत मात्र अर्जेंटिना २-० ने पुढे असताना भारताने अखेरच्या सत्रात चार गोल केले, आणि त्यांतील शेवटचा, अनमोल एक्काचा, पेनल्टी कॉर्नरवर झाला.