जितक्या साखळ्या, तितकेच टाके? नाही!

क्रोशे शिकणाऱ्यांना हमखास सांगितलं जातं: जितक्या साखळ्या, तितकेच टाके. मग पॅटर्नमध्ये सुरुवातीला पायाच्या २२ साखळ्या आणि ओळीच्या शेवटी कंसात २० दिसलं, की पॅटर्नच चुकीचा ठरतो. प्रत्यक्षात हिशोब बरोबर असतो.

कंसातला आकडा ओळ पूर्ण झाल्यावर मिळणारे एकूण टाके सांगतो. तेवढे आणखी घालायचे नसतात, आणि सुईवरचा फास कधीच मोजायचा नसतो. खांबाची, म्हणजे उंच टाक्यांची, ओळ सुईपासून चौथ्या साखळीत सुरू केली, तर सोडलेल्या ३ साखळ्या मिळून बहुतेक वेळा एक खांब धरतात. उरलेल्या १९ साखळ्यांत १९ खांब. झाले २०. मुक्या खांबाला, म्हणजे बुटक्या टाक्याला, वळणाची (ओळीच्या सुरुवातीला उंचीसाठी घातलेली) एकच साखळी लागते आणि ती सहसा मोजत नाहीत, म्हणून २० मुक्या खांबांना २१ साखळ्या.

खरी गडबड पुढच्या ओळीत होते. वळणाच्या ३ साखळ्या खांब म्हणून धरल्या असतील, तर त्यांच्या बुडाशी असलेला पहिला टाका सोडायचा आणि शेवटचा खांब मागच्या ओळीच्या सुरुवातीला खांब म्हणून धरलेल्या ३ साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या, तिसऱ्या साखळीत घालायचा. पहिला सोडला नाही तर एक टाका वाढतो, शेवटचा विसरला तर एक घटतो. दोन्ही चुका एकदम झाल्या तर मोजणी २० च येते, पण विणकाम तिरकं सरकत जातं! म्हणून नुसतं मोजू नका, दोन्ही कडाही बघा. वळणाची साखळी धरायची की नाही, हे चांगल्या पॅटर्नमध्ये सुरुवातीच्या सूचनांतच लिहिलेलं असतं.