छऱ्याची बंदूक घेताना, चालवताना आणि सांभाळताना

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पहिली एअर रायफल किंवा एअर पिस्तूल घ्यायला येणारे बहुतेक जण आधी विचारतात, "कमीत कमी कितीपर्यंत चांगली मिळेल?" प्रश्न रास्त आहे. पण बंदुकीची किंमत एकदाच मोजावी लागते. छर्रे, हवा, सील (हवा गळू न देणारे भाग), दुरुस्ती आणि चुकीची घेतलेली वस्तू बदलणं हा खर्च मात्र वर्षानुवर्षं चालू राहतो. दहा मीटरवरच्या नेमबाजीत गुण वाढतात ते ट्रिगर, साइट (नेम धरायची खूण), अंगाला नीट बसणारा दस्ता आणि छर्रे यांच्यामुळे. पैसा तिथे घाला आणि बाकी सगळीकडे हात आखडता घ्या.

या यादीत वेग नाही, तो आम्ही मुद्दामच घेतलेला नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत वेग छापलेला असतो आणि नवा माणूस त्यालाच भुलतो. स्पर्धेच्या रायफलमधून छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघतो आणि दहा मीटरसाठी तो पुरतो. त्याच्या दुप्पट वेगाची स्प्रिंगची बंदूक भरायला जड जाते, सुटताना जास्त उसळते आणि तिची स्प्रिंगही लवकर थकते. शिवाय छर्रा आवाजाच्या वेगाजवळ पोचला की डगमगायला लागतो. कागदावरच्या खेळात हा जास्तीचा वेग काही देत नाही.

एक गोष्ट पैसे देण्याआधीच करायची. आपण राहतो तिथे छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागतो का, वयाची अट काय, किती ताकदीपर्यंत मुभा आहे, हे संबंधित कार्यालयात विचारून घ्या. नियम जागोजागी वेगळे असतात. दुकानदाराच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका, आमच्याही नाही.

बंदूक कशावर चालते

छर्रा ढकलायला दाबलेली हवा किंवा वायू लागतो. ती ताकद कुठून येते, यावर पुढचा सगळा खर्च ठरतो.

स्प्रिंगच्या बंदुकीत नळी किंवा बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग दाबायची. ट्रिगर सुटला की स्प्रिंग पिस्टनला पुढे हाणते आणि समोरची हवा दाबली जाते. बाहेरून काहीच विकत घ्यावं लागत नाही, म्हणून चालवायला ही सगळ्यांत स्वस्त. अडचण अशी, की छर्रा नळीत असतानाच बंदूक आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी हिसका देते. तिला घट्ट आवळून धरलं तर छर्रे पसरतात. सैल हाताने आणि दर वेळी त्याच जागी धरावी लागते.

एका दाबाची बंदूक, म्हणजे दांडा एकदा फिरवून आतली हवा दाबून ठेवणारी. ही आमची खास आवडती. हिसका जवळजवळ नाही, प्रत्येक बार सारखा आणि हवा फुकट. स्पर्धेच्या जुन्या रायफली आणि पिस्तुलं या प्रकारात वापरलेली मिळतात. काही वर्षांनी सील बदलली की त्या पुन्हा पहिल्यासारख्या चालतात. मर्यादित पैशात मन लावून सराव करायचा असेल, तर नव्या झगझगीत स्प्रिंगच्या बंदुकीपेक्षा अशी जुनी बंदूक घ्या, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

सिलिंडरच्या बंदुकीत साधारण २०० बारपर्यंत (इथे बार म्हणजे दाबाचं माप) हवा भरलेली असते. आज मोठ्या स्पर्धांत जवळजवळ सगळे हीच वापरतात. नेम धरायला ती सर्वांत सोपी, पण खर्च फक्त बंदुकीचा नसतो. हवा भरायला हातपंप हवा, किंवा पाणबुड्यांच्या टाकीसारखी मोठी टाकी आणि ती भरून देणारी जागा हवी. हा हिशोब खरेदीआधी करा.

कार्बन डायऑक्साइडची पिस्तुलं घेताना स्वस्त वाटतात, पण वायूच्या कुप्या संपत राहतात. त्या वायूचा दाब तापमानावर अवलंबून असतो. २० अंश सेल्सिअसला तो सुमारे ५७ बार असतो, थंडीत उतरतो. भराभर गोळ्या झाडल्या तर कुपी स्वतःच गार होते आणि छर्रे खाली लागू लागतात. मौजेला ठीक, नेमाच्या सरावाला आम्ही सुचवत नाही.

जुनी बंदूक तपासताना

वापरलेल्या बंदुकीला घाबरू नका, पण ती हातात घेऊन पाहा. नळीचं तोंड भिंगाखाली बघा. तिथे टवका किंवा ओरखडा असेल, तर नळी आतून कितीही चांगली असली तरी छर्रा तिरका निघतो. दस्ता मनगटाजवळ चिरला आहे का ते पाहा. मालकाच्या परवानगीने आणि सुरक्षित दिशेला पाच-सहा बार करा. पहिला टप्पा संपून ट्रिगर अडला, की तिथून पुढे तो दर वेळी सारख्याच ताकदीने सुटला पाहिजे. जड ट्रिगर बहुतेक वेळा हलका करता येतो. कधी इथे, कधी तिथे सुटणारा मात्र नको.

सिलिंडरच्या बंदुकीत सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. स्पर्धेच्या सिलिंडरचं आयुष्य सर्वसाधारणपणे दहा वर्षं धरतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत तपासणीला अडतो आणि नवा घ्यावा लागतो. विकणारा तारखेविषयी काही बोलत नसेल, तर तुम्ही विचारा आणि तेवढे पैसे किमतीतून वजा करा.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. साठ-सत्तरच्या दशकांतल्या काही बंदुकींच्या प्लास्टिकच्या सील न वापरताही वयाने भुसभुशीत होतात. "कपाटातच होती, फारशी चालवलेली नाही" हे ऐकून खूश होऊ नका. सील मिळतात का, याची चौकशी आधी करा आणि मगच सौदा करा.

पिस्तुलाची मूठ हाताच्या मापाची हवी. डावखुऱ्याने उजव्या हाताची मूठ घेऊन चालवून नेऊ नये. लाकडी मूठ मोठी असेल तर कानशीने घासून आणि लहान असेल तर लाकडाची लांबी (पुट्टी) भरून बसवता येते. हे काम आम्ही करून देतो आणि त्याने गुण वाढलेले पाहिले आहेत. स्पर्धेत उतरायचं असेल तर आंतरराष्ट्रीय नियमांत एअर पिस्तुलाचा ट्रिगर सुटायला निदान ५०० ग्रॅमचा जोर लागायला हवा आणि पिस्तूल दीड किलोपेक्षा जड नको. एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते.

दुर्बीण घाईने घेऊ नका. दहा मीटरच्या स्पर्धेत ती चालतच नाही, तिथे रायफलला मागे बारीक छिद्राची आणि पुढे कड्याची साइट वापरतात. स्प्रिंगच्या दुहेरी हिसक्याने साधी दुर्बीण आतून निखळतेसुद्धा. रायफलच्या पुढच्या साइटचं कडं मात्र मोठं निवडा. काळ्या वर्तुळाभोवती भरपूर पांढरं दिसलं की डोळा आपोआप मध्य शोधतो. लहान कड्यात वर्तुळ सतत निसटतं आणि माणूस घाईने ट्रिगर ओढतो.

छर्रे

रायफलच्या टार्गेटमधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. म्हणून दोघांचा खर्चही वेगळा ठरतो. पिस्तूल नव्याने शिकणाऱ्याला महागडे छर्रे पहिलं वर्षभर तरी नकोत, कारण हात हलण्यातली चूक छऱ्याच्या चुकीपेक्षा फार मोठी असते. रायफलवाल्याने छर्रे तपासून घेणं लवकर सुरू करावं.

कागदावर खेळायला चपट्या तोंडाचे घ्या, ते स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण मोजताना वाद होत नाही. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा डब्यावर लिहिलेला असतो. प्रत्येक नळीला यातला एखादा आवडतो, आणि कोणता ते झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही. रायफल उशीवर टेकवून प्रत्येक प्रकारचे पाच-पाच छर्रे एकेका कागदावर झाडा आणि भोकांचा घोळका कुठे लहान येतो ते पाहा. पसंत पडलेल्या डब्यावरचा उत्पादन क्रमांक लिहून घ्या आणि त्याच क्रमांकाचे जमतील तेवढे डबे एकदम घ्या. सर्वांत महागडा छर्राच तुमच्या नळीला आवडेल असं नाही, स्वस्तातला पुढे गेल्याचं आम्ही बरेचदा पाहतो.

छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरू नका, झाडताना खाणं-पिणं नको, आणि नंतर हात साबणाने धुवा. लहान मुलं घरात असतील तर हा नियम दुप्पट कडक पाळा.

छर्रा न झाडता सराव

छर्रे न उडवता केलेला सराव फुकट असतो आणि नेमबाज मुख्यतः तिथेच घडतो. आपल्या बंदुकीत कोऱ्या सरावाची सोय आहे का, हे आम्हाला विचारा. एका दाबाच्या आणि सिलिंडरच्या स्पर्धेच्या बंदुकींत ती बहुधा असते. स्प्रिंगच्या बंदुकीत मात्र छर्रा नसताना ट्रिगर कधीही ओढू नका. समोर दाबायला काही नसलं की पिस्टन जाऊन धडकतो आणि सील, स्प्रिंग दोन्ही खराब होतात.

रिकाम्या भिंतीसमोर उभे राहा. टार्गेट नको. नजर फक्त पुढच्या साइटवर ठेवा आणि ट्रिगर सुटताना ती हलते का, एवढंच पाहा. टार्गेट समोर असलं की मन दहासाठी धावतं, कोऱ्या भिंतीवर धावायला काही नसतं. पिस्तूलवाल्यांना तर आम्ही म्हणतो, पुढच्या साइटची धार लख्ख दिसली पाहिजे, काळं वर्तुळ धूसर दिसलं तरी चालेल.

रायफल घेऊन उभं राहताना वजन स्नायूंवर घेऊ नका, हाडांवर येऊ द्या. उजव्या हाताच्या माणसाने डावं कोपर बरगडीला किंवा कंबरेच्या हाडाला टेकवावं. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. रायफल बाजूला सरकली असेल तर हाताने ओढून आणू नका, पाय सरकवून अख्खं शरीर वळवा. हे जमलं की महागडं जॅकेट पुढच्या वर्षावर ढकलता येतं. नेम धरून आठ-दहा सेकंदांत बार सुटला नाही तर रायफल खाली घ्या. थकलेल्या डोळ्याने ओढलेला ट्रिगर छर्रा वाया घालवतो. बार झाल्यावरही एक-दोन सेकंद तसेच थांबा. छर्रा दहा मीटर जायला सुमारे सहा शतांश सेकंद घेतो, आणि त्याआधी तो नळीत असतानाच मान वर केलेली असते, हा नव्या माणसाचा सर्वांत मोठा दोष.

घरी दहा मीटर जागा नसेल तर पाच मीटरवर अर्ध्या मापाचं टार्गेट छापून लावा. डोळ्याला चित्र तेच दिसतं. फक्त साइटचं माप तिथलं वेगळं येईल, ते लिहून ठेवा.

छर्रे अडवायला लोखंडी पेटी हवी, तिच्या आतला पत्रा तिरका. सपाट भिंत किंवा दगड मागे नको, छर्रा उलटा येतो आणि डोळा जाऊ शकतो. चष्मा प्रत्येकाने लावायचा, पाहणाऱ्यानेसुद्धा. मधे उघडणारं दार येत असेल तर ती जागा सरावाची नाही. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं धरून चाला, तोंड सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर. विश्रांतीच्या वेळी नळीतून रंगीत प्लास्टिकचा दोरा घालून ठेवा. दोरा दोन्ही टोकांनी दिसला की नळी रिकामी आहे, हे लांबूनही कळतं.

देखभाल

सर्वांत जास्त बंदुका तेलाने बिघडून आमच्याकडे येतात. स्प्रिंगच्या बंदुकीत हवा इतक्या झटकन दाबली जाते की क्षणभर भयंकर तापते. तिथे शिलाई मशीनचं किंवा इंजिनाचं तेल असेल तर ते पेटतं, बार मोठा होतो, धुराचा वास येतो आणि सील जळते. नळीत किंवा हवेच्या भोकात तेल टाकू नका. बाहेरून पुसायला तेलाचा हलका हात पुरे.

सिलिंडरच्या बाबतीत हा नियम जिवाचा आहे. त्यात फक्त कोरडी हवा भरायची. ऑक्सिजन कधीही नाही, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. जोडणीच्या रबरी कड्यांना फक्त सिलिकॉनचं ग्रीस, तेही पुसटसं. हवा सावकाश भरा. हातपंपावर मधे थांबून आत साठलेलं पाणी बाहेर सोडा. सिलिंडर कधी पूर्ण रिकामा करून ठेवू नका, थोडा दाब राहिला की सील जागेवर राहतात. सिलिंडर स्वतः उघडू नका.

एका दाबाची बंदूक भरून ठेवायची नाही, स्प्रिंगची तर मुळीच नाही. नळी मोडून भरायची बंदूक असेल तर छर्रा घालताना एका हाताने नळी घट्ट धरा. उघड्या नळीवर ट्रिगर सुटला तर ती झटकन मिटते, बोटं सापडतात आणि नळी वाकते.

नळी फार साफ करू नका. इथे दारूची काजळी नसते, शिशाचा थर तेवढा बसतो. काही शे छऱ्यांनंतर लोकरीच्या गोळ्या झाडा किंवा मागून पुढे ओढा, एवढं पुरतं. लोखंडी ब्रश नको. स्प्रिंगच्या बंदुकीत लोकरीची गोळी झाडायची नाही, ती हलकी असते आणि पिस्टनला अडवत नाही.

घाम आणि बोटांचे ठसे पोलादाला गंज आणतात, म्हणून ठेवताना एकदा पुसा. फोमच्या बॅगेत महिनोन् महिने ठेवू नका, फोम ओलावा धरून बसतो. कुलपाच्या कपाटात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवा, आणि छर्रे वेगळ्या कुलपात.

दुरुस्तीला आणताना बंदूक रिकामी, दाब न भरलेली आणि नळीत दोरा घातलेला असावा, सिलिंडर काढून सोबत. वापरता त्या छऱ्यांचा डबा आणि शेवटी झाडलेले दोन-तीन कागद जरूर आणा. छर्रे एका बाजूला सरकलेत, उभे पसरलेत की सगळीकडे विखुरलेत, हे कागदावर पाहून बिघाड कुठे असेल याचा अंदाज बंदूक उघडायच्या आधीच बांधता येतो, आणि उघडण्याची मजुरीही पुष्कळदा वाचते.