जस्ताची फवारणी: उतारा वाढतो की दाणा बदलतो?

शिरोळ-हातकणंगल्याकडे ऊस तुटला किंवा सोयाबीन निघालं की त्या रानात गहू पडतो. पीक महिन्या-दीड महिन्याचं झालं की दुकानातून ‘ग्रेड टू’ येतं, म्हणजे पानांवर मारायचं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण. बरोबर झिंक सल्फेट (जस्ताचं खत), 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाशचं विरघळणारं खत) आणि असेल ते कीटकनाशक. मजुरी एकदाच द्यायची म्हणून सगळं एकाच पंपात! झिंक सल्फेटचं नितळ पाणी स्फुरदाच्या खतात मिसळलं की दुधट होतं आणि तळाशी पांढरा साका धरतो. तो जस्ताचा फॉस्फेट. तो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पानाच्या काही कामाचा नाही. नोझल तेवढं तुंबवतो.

पण धुवून, गाळून, नीट फवारलं तरी दोन शेजाऱ्यांचा अनुभव जुळत नाही. एक म्हणतो गहू उजळला, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात. दोघंही खरं बोलत असू शकतात, कारण रान वेगळं असतं आणि वाणही.

आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत जस्त नसतं असं नाही, ते अडकून पडलेलं असतं. सामू (पीएच) एकाने चढला की जमिनीतल्या पाण्यात विरघळलेलं जस्त साधारण शंभरपटीनं घटतं. गव्हाची मुळं यावर तोड काढतात. लोह आणि जस्ताला धरून आणणारे पदार्थ ती मातीत सोडतात आणि पकडलेल्या धातूसकट परत शोषून घेतात. हे काम सगळ्या वाणांना सारखं जमत नाही. तुर्कस्तानातल्या चुनखडीच्या रानांवर 1990 च्या दशकात झालेल्या अभ्यासात बन्सी (रव्या-शेवयांचा कडक गहू) सरबतीपेक्षा (चपातीचा गहू) जस्ताच्या टंचाईला लवकर हार मानताना दिसला. सरबतीत 42 गुणसूत्रं असतात, बन्सीत 28. सरबतीकडची जादा 14 एका रानगवताकडून आलेली आहेत आणि चिवटपणाचा काही भाग त्यांच्याबरोबर आला असावा. आपली खपलीही 28 चीच. म्हणून जस्त कमी असलेल्या रानात बन्सी फवारणीला चटकन दाद देतो. तिथंच लोकवन या सरबती वाणाला फारसा फरक दाखवता येत नाही, कारण मुळांनी त्याचं आधीच भागवलेलं असतं.

आता हिशेब बघा. एकरी 15 क्विंटल गहू आणि किलोमागे 30 मिलिग्रॅम जस्त धरलं, तर एकरभर दाण्यांत जस्त भरतं अवघं 45 ग्रॅम. 21 टक्के जस्ताच्या झिंक सल्फेटच्या अर्धा टक्का द्रावणाच्या एका फवारणीत, 200 लिटर पाण्यातून, आपण 210 ग्रॅम जस्त मारतो. म्हणजे तुटवडा मालाचा नाही, तो पानातून आत शिरण्याचा आहे. गव्हाच्या पानावर मेणाची पांढुरकी साय असते, त्यावरून थेंब मोती होऊन घरंगळतो. बोटानं पुसून पाहा, साय निघते आणि खालचं पान हिरवंगार दिसतं. स्टिकर (थेंब पानाला चिकटवणारं द्रव्य) घालणं आणि उन्हं उतरल्यावर फवारणं, हे दोन्ही थेंब टिकावा आणि लवकर सुकू नये यासाठीच.

आत शिरलेलं जस्त दाण्यापर्यंत बऱ्यापैकी पोचतं, लोह त्यामानानं अडखळतं. वेळही महत्त्वाची. रानात टंचाई असेल आणि उत्पादन वाढवायचं असेल तर फवारणी लवकर हवी. दाण्यात जस्त भरायचं असेल तर ओंबी बाहेर पडल्यावर, दाण्यात दूध भरताना. भारतासह सात देशांत झालेल्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत फवारणीनं दाण्यातलं जस्त किलोमागे सरासरी 27 वरून 48 मिलिग्रॅमवर गेलं. बहुतेक ठिकाणी उतारा मात्र फारसा हलला नाही. दुकानदार उतारा वाढेल असं सांगतो आणि खरा बदल दाण्याच्या पोटात होतो, जिथं काटा तो दाखवत नाही. बाजार समितीत जस्ताला भाव नाही, त्यामुळे शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी वाट वाणाची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 4028 हा बन्सी वाण मुळातच किलोमागे सुमारे 40 मिलिग्रॅम जस्त आणि 46 मिलिग्रॅम लोह देतो, तोही कोरडवाहू रानात. फवारणीचा खर्च टळतो, पण जमिनीत जस्तच नसेल तर वाण तरी आणणार कुठून? माती तपासणीत जस्त 0.6 पीपीएमच्या (किलोमागे मिलिग्रॅम) खाली आलं, तर पेरतानाच झिंक सल्फेट द्यावं हे बरं.

एवढं करून दाण्यात आलेलं जस्त बसतं ते मुख्यतः कोंड्याच्या आतल्या थरात आणि अंकुरात. गिरणीतून दळून आणलेल्या, न चाळलेल्या पिठात ते राहतं. मैद्यात फारसं उरत नाही. आणि खिरीसाठी आपण खपली पांढरी होईपर्यंत सडतो, तेव्हा त्यातलं बरंचसं कोंड्याबरोबर म्हशीच्या आंबोणात जातं.