उचल

उचल (स्त्री.) : पुढच्या कामापोटी किंवा पुढे पक्क्या होणाऱ्या हिशेबापोटी आधी हाती पडलेली रक्कम. कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात या शब्दाचे दोन उलटे अर्थ आहेत. तोडकऱ्याची (ऊस तोडणाऱ्या मजुराची) उचल हे त्याने मुकादमाला, म्हणजे टोळीच्या कंत्राटदाराला, फेडायचे देणे. शेतकऱ्याची ‘पहिली उचल’, म्हणजे ऊसबिलाचा पहिला हप्ता, हे कारखान्याकडून आलेले येणे.

शब्द ‘उचलणे’पासून आला हे उघड आहे, दुसरा अर्थ कसा जडला हे तितके उघड नाही. शाहूपुरी पेठेत (स्थापना १८९५) गूळ येण्याआधीच शेतकरी अडत्याकडून उचल घेई आणि ती पट्टीतून (गूळविक्रीच्या हिशेबातून) वळती होई. कारखान्यांनी हीच बोली पुढे चालवली असावी. तगाईशी तिची गल्लत करू नये. तगाई (अरबी ‘तक्विया’, बळ देणे) सरकारी. ब्रिटिश मुलखात ती १८८३ व १८८४ च्या कायद्यांखाली मिळे.

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, विलंबास द.सा. १५ टक्के व्याज. २००९-१० पासून एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा रास्त व किफायतशीर दर) आल्यावर ‘पहिली’ हे विशेषण खरे तर अनावश्यक ठरले, पण स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत मागणी अजून पहिल्या उचलीचीच होते. एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा राज्य शासनाचा २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. कारखाना उचलीची रक्कम बहुधा साखर तारण ठेवून उभी करतो. म्हणजे शेतकऱ्याच्या येण्यामागेही कर्जच असते.

बिलातून आधी सोसायटीचे पीककर्ज कापले जाते, उरेल ते घरात येते. बिल लांबले तर हातउसने आणून जुने कर्ज भरायचे आणि लगेच नवे उचलायचे, याला ‘नवं-जुनं’ म्हणतात.

तोडकरी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. उचल कोयत्यावर ठरते व तोडीच्या टनांतून फिटते. न फिटलेली अंगावर राहून पुढच्या हंगामात जाते. वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या (१९७६) व्याख्येत आगाऊ रक्कम येत असल्याने काही अभ्यासक उचलीला वेठीचा प्रकार मानतात, काही केवळ आगाऊ मजुरी. फिटेपर्यंत मुकादम सोडता येत नाही, हे पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. हिशेब बहुधा मुकादमाच्या वहीतच असतो.